टोचलं नातवंडांना, वाचले आजी-आजोबा? जपानच्या फ्लू लसीकरणाचा प्रकरण अभ्यास

फ्लूच्या लसीकरण मोहिमांमुळे फ्लूने होणारे मृत्यू वर्षानुवर्षांच्या हिशेबात खरंच कमी होतात का, हा प्रश्न सोपा वाटतो. किती जणांना लस दिली आणि किती जण दगावले, एवढे दोन आकडे शेजारी मांडले की उत्तर मिळेल असं वाटतं. जपानने हा प्रयोग तीसेक वर्षं केला, मग थांबवला आणि काही वर्षांनी दुसऱ्या वाटेने पुन्हा सुरू केला. एकाच देशात कार्यक्रम सुरू होण्याआधीचा, चालू असतानाचा आणि बंद झाल्यानंतरचा असे तिन्ही काळ पाहायला मिळणं दुर्मीळ आहे. म्हणून हे प्रकरण निवडलं. यातल्या डॉक्टरांची, पालकांची आणि अधिकाऱ्यांची नावं घेतलेली नाहीत.

पार्श्वभूमी

१९५७ साली आशियाई फ्लूची जागतिक साथ आली. विषाणूचा उपप्रकार नवा होता, एच२एन२, आणि त्याच्याविरुद्ध जवळजवळ कुणाच्याही अंगात प्रतिकारशक्ती नव्हती. जपानच्या सरकारी नोंदीत साडेसात हजारांहून जास्त मृत्यू आहेत. खरा आकडा याहून मोठा असणार, कारण फ्लूने दगावलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या दाखल्यावर न्यूमोनिया, हृदयविकार किंवा पक्षाघात असंच लिहिलं जातं. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढचा सगळा वाद तिच्यातूनच निघतो.

त्या साथीत एक गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडली होती. आजार आधी शाळांत पसरायचा, वर्गच्या वर्ग ओस पडायचे आणि मग तो घराघरांत शिरायचा. जपानी घरांत तेव्हा तीन पिढ्या एकत्र राहत. शाळेतून खोकत आलेलं पोर आजीच्या शेजारीच बसायचं.

अडचण

फ्लूने आजारी पडतात जास्त करून मुलं आणि मरतात जास्त करून म्हातारी माणसं. मग मर्यादित लस द्यायची कुणाला?

त्यात लशीची स्वतःची अडचण होती. ज्याला तिची सर्वांत जास्त गरज, त्याच्या शरीरात ती सर्वांत कमी काम करते. वय वाढतं तशी प्रतिकारशक्ती सुस्तावते, त्यामुळे सत्तरीतल्या माणसाला दिलेली लस सात वर्षांच्या मुलाला दिलेल्या लशीइतकी प्रतिपिंडं तयार करत नाही. मुलं मात्र लशीला चांगला प्रतिसाद देतात. शिवाय आजारी पडली की त्यांच्या नाकातोंडातून विषाणू जास्त प्रमाणात आणि जास्त दिवस बाहेर पडतो.

पहिला निर्णय: लस कुणाला?

समोर दोन सरळ वाटा होत्या. अमेरिकेने १९६० मध्ये पहिली धरली: वृद्ध, दीर्घ आजारांचे रुग्ण आणि गरोदर स्त्रिया यांनी दरवर्षी लस घ्यावी, अशी शिफारस तिथल्या सर्जन जनरलने, म्हणजे सरकारच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याने केली. ज्याला धोका त्याला संरक्षण, असा तो हिशेब होता.

जपानने दुसरी वाट धरली. १९६२ पासून तिथे शाळकरी मुलांना लस द्यायला सुरुवात झाली. साथीचा उगम शाळेत होतो, तर तो तिथेच आटवायचा आणि बाकीच्या समाजाला आपोआप वाचवायचं, असा हा विचार होता. तो निव्वळ अंदाज नव्हता, हे पुढे दिसलं. १९६८ च्या हाँगकाँग फ्लूच्या वेळी अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या टेकम्से या छोट्या गावात सुमारे ८५ टक्के शाळकरी मुलांना लस दिली गेली. शेजारच्या लस न दिलेल्या गावाशी तुलना केली, तर टेकम्सेत श्वसनाचे आजार साधारण एक तृतीयांशच झाले. मोठ्यांमध्येही फरक दिसला.

मला हा निर्णय धाडसी वाटतो आणि त्यामागचं शास्त्र पटतंही. पण त्यात एक नैतिक गुंता होता, आणि त्यावर तेव्हा पुरेशी चर्चा झाली नाही. सुई मुलाला टोचायची, दुखणं आणि ताप मुलाने सोसायचा, क्वचित होणाऱ्या गंभीर परिणामाची जोखीमही मुलाचीच आणि फायद्याचा मोठा वाटा आजोबांना. मुलाचाही फायदा होता, पण कार्यक्रमाचं मुख्य समर्थन तो नव्हता. असं असेल तर पालकांना ते स्पष्ट सांगावं लागतं. सांगितलं गेलं ते एवढंच, की लस घेतली म्हणजे फ्लू होणार नाही.

आणखी एक चूक इथेच झाली. कार्यक्रमाचा उद्देश म्हाताऱ्यांचे मृत्यू टाळणं हा होता, तर ते टळले की नाही हे मोजण्याची व्यवस्था पहिल्या दिवसापासून हवी होती. ती केली गेली नाही. किती मुलांना टोचलं याचे तक्ते मात्र चोख ठेवले गेले.

काय केलं

शाळेत सामूहिक लसीकरण असं चाले: मुलं वर्गवार रांगेत उभी राहत, तापमान बघितलं जाई, डॉक्टर दंडावर त्वचेखाली सुई देत आणि एक ते चार आठवड्यांनी तीच रांग दुसऱ्या मात्रेसाठी पुन्हा लागे. १९७२ पासून संपूर्ण विषाणूऐवजी त्याचे तुकडे करून बनवलेली लस आली आणि ताप येण्याचं प्रमाण कमी झालं. १९७६ साली कायद्यात बदल होऊन शाळकरी मुलांसाठी ही लस सक्तीची झाली. सत्तरीच्या दशकापासून १९८७ पर्यंत देशातल्या ५० ते ८५ टक्के शाळकरी मुलांना दरवर्षी लस मिळत होती. दरवर्षी, इतकी वर्षं आणि एवढ्या प्रमाणात मुलांना फ्लूची लस देणारा दुसरा देश तेव्हा नव्हता.

रांग पटापट हलवायची म्हणून जे केलं गेलं त्याची किंमत फार मोठी होती. १९४८ ते १९८८ या काळात जपानमधल्या निरनिराळ्या सामूहिक लसीकरणांत एकच सिरिंज लागोपाठ अनेक मुलांना वापरली जाई. १९५८ नंतर दर मुलामागे सुई बदलायचा नियम झाला, सिरिंज बदलण्याचा आग्रह मात्र १९८८ मध्ये धरला गेला. यातून हिपॅटायटिस बी हा यकृताचा आजार पसरला. २००६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारला जबाबदार धरलं आणि २०११ मध्ये पीडितांशी समझोता झाला. सर्व लसी मिळून या मार्गाने संसर्ग झालेल्यांची संख्या चार लाखांच्या वर असू शकते, असा सरकारचाच अंदाज होता. हा दोष फ्लूच्या लशीचा नव्हे, लस देण्याच्या पद्धतीचा. पण ज्याचं यकृत चाळिशीत खराब झालं, त्याला या फरकाचा काय उपयोग? एखाद्या कार्यक्रमाने किती जीव वाचवले हे सांगताना त्याच कार्यक्रमाच्या हातून झालेलं नुकसान वेगळ्या वहीत लिहिणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

शंका कुठून शिरली

१९७९ च्या नोव्हेंबरात गुन्मा प्रांतातल्या माएबाशी शहरात एका शाळकरी मुलाला लस घेतल्यानंतर झटके आले. तिथल्या डॉक्टरांच्या स्थानिक संघटनेने याची दखल घेतली आणि पुढच्या वर्षापासून शहरात सामूहिक लसीकरण थांबवलं. देशभर सक्ती असताना एका शहराने असं करणं सोपं नव्हतं. तिथेच न थांबता त्या डॉक्टरांनी अभ्यास हाती घेतला. लस न देणारी माएबाशी आणि आन्नाका ही शहरं एका बाजूला, लस देणारी ताकासाकी, किर्यू आणि इसेसाकी दुसऱ्या बाजूला. कित्येक हंगाम शाळेची गैरहजेरी आणि ताप यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. १९८७ च्या जानेवारीत अहवाल आला: लस देणाऱ्या आणि न देणाऱ्या शहरांत साथीच्या प्रमाणात सांगण्यासारखा फरक नाही.

या अहवालाने देश हलला. सामान्य डॉक्टरांनी चिकाटीने, पदरमोड करून केलेलं हे काम होतं आणि त्याबद्दल मला आदर आहे. सरकारने जे करायला हवं होतं ते त्यांनी केलं. तरीही त्यातल्या उणिवा सांगायला हव्यात, कारण निर्णय त्यावर उभा राहिला.

बहुतेक मुलांचं निदान तापावर आणि शाळा बुडण्यावर झालं होतं. हिवाळ्यात ताप आणणारे विषाणू डझनभर आहेत आणि फ्लूची लस त्यांतल्या एकाच आजाराला अडवते. समजा शंभर मुलं तापाने घरी बसली आणि त्यांतल्या चाळीस जणांनाच फ्लू होता. लशीने त्या चाळीसपैकी निम्मे वाचवले, तरी गैरहजेरीच्या वहीत शंभराचे ऐंशी दिसतील. वर दोन शहरांत इतर कारणांनी थोडाफार फरक असला, की हा वीसाचा फरकही त्यात बुडून जातो.

याहून मोठी उणीव वेगळी आहे. हा अभ्यास मुलांचा होता. कार्यक्रमाचा दावा होता म्हाताऱ्यांच्या मृत्यूंचा. माएबाशीतल्या सत्तरीच्या पुढच्या लोकांचे मृत्यू ताकासाकीपेक्षा जास्त झाले की कमी, हे कुणी विचारलंच नाही. विरोधकांनी विचारलं नाही आणि सरकारनेही नाही.

दुसरा निर्णय: चालू ठेवायचं की थांबायचं?

१९८७ मध्ये आरोग्य खात्याच्या अभ्यासगटाने दोन गोष्टी सांगितल्या. लस घेणाऱ्याला व्यक्तिशः संरक्षण मिळतं, पण शाळकरी मुलांना लस देऊन समाजातली साथ रोखली जाते असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. पुरावा गोळाच केला नसेल तर तो अपुरा असणारच. त्या वर्षीपासून पालकांची संमती लागू लागली आणि प्रमाण घसरायला लागलं.

त्याच काळात लशींवरचा लोकांचा विश्वास सगळ्याच बाजूंनी ढळत होता. १९८९ मध्ये आलेली गोवर-गालगुंड-रुबेलाची एकत्र लस मेंदूच्या आवरणाला सूज येण्याच्या घटनांमुळे १९९३ मध्ये मागे घ्यावी लागली. १९९२ च्या डिसेंबरात टोकियोच्या उच्च न्यायालयाने निरनिराळ्या लशींमुळे अपाय झालेल्या मुलांच्या कुटुंबांच्या बाजूने निकाल दिला आणि सरकारने त्यावर अपील केलं नाही. ती कुटुंबं जवळजवळ वीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत होती.

१९९४ मध्ये कायदा बदलला. सक्ती गेली आणि फ्लूची लस तर कायद्याच्या यादीतूनच वगळली गेली.

तेव्हा निदान चार पर्याय होते. सक्ती तशीच ठेवणं शक्य नव्हतं आणि योग्यही नव्हतं. दुसरा पर्याय होता सक्ती काढून शाळेतच, मोफत, पालकांच्या संमतीने लस चालू ठेवण्याचा. तिसरा, मुलांवरचा भार काढून ती लस वृद्धांना आणि दीर्घ आजाऱ्यांना देण्याचा. चौथा, सगळंच सोडून देण्याचा. निवडला गेला चौथा. माझ्या मते दुसरा आणि तिसरा एकत्र करणं त्याही वेळी जमण्यासारखं होतं. पण सरकारच्या हातात म्हाताऱ्यांच्या मृत्यूंचा एकही आकडा नव्हता, त्यामुळे तिसऱ्या पर्यायाची बाजू मांडायला कुणाकडे काही नव्हतं. आणि कोर्टात हरलेल्या खात्याने नव्या लसीकरणाची जबाबदारी आपणहून अंगावर घेणं अवघडच.

थांबवल्यावर काय झालं

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात वृद्धाश्रमांतून फ्लूच्या मृत्यूंच्या बातम्या येऊ लागल्या. लहान मुलांमध्ये फ्लूनंतर मेंदूला सूज येण्याच्या घटनांनी पालक हादरले. टोकियोतल्या एका प्राथमिक शाळेने २४ वर्षांच्या नोंदी जपून ठेवल्या होत्या, त्यातून एक छोटं पण बोलकं चित्र मिळतं. सक्तीच्या काळात जवळजवळ सगळी मुलं लस घेत, तेव्हा फ्लूमुळे वर्षाला सरासरी १.३ दिवस वर्ग बंद ठेवावे लागत. संमतीच्या काळात हे ८.३ झालं. लसीकरण जवळजवळ संपलं त्या काळात २०.५. पुढे पालक आपणहून लस देऊ लागले तसा आकडा पुन्हा खाली आला. एकाच शाळेवरून देशाचा निष्कर्ष काढता येत नाही, हे खरं. पण माएबाशीच्या अहवालाइतक्याच गांभीर्याने या वहीकडेही बघायला हवं.

२००१ च्या नोव्हेंबरात जपानने कायदा पुन्हा बदलला. ६५ वर्षांवरच्यांना, तसंच ६० ते ६४ वयाच्या काही गंभीर आजाऱ्यांना फ्लूची लस सरकारी मदतीने मिळू लागली. ती सक्तीची नव्हती. १९६० मध्ये अमेरिकेने धरलेल्या वाटेवर जपान चाळीस वर्षांनी आला, आणि मधली सात वर्षं तिथे मुलांसाठीही कार्यक्रम नव्हता आणि वृद्धांसाठीही नव्हता.

मृत्यू किती वाचले: पहिला हिशेब

त्याच वर्षी, मार्च २००१ मध्ये, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये जपानी आणि अमेरिकी संशोधकांचा निबंध आला. त्यांनी १९४९ ते १९९८ पर्यंतचे दोन्ही देशांचे महिनावार मृत्यू घेतले. दाखल्यावर फ्लू लिहिलेलाच नसतो, मग मोजायचं कसं? तर नोव्हेंबर हा पाया धरायचा आणि हिवाळ्याच्या पुढच्या महिन्यांत त्याच्या वर जेवढे मृत्यू जातील ते जादा मृत्यू म्हणायचे. नोव्हेंबरात एखाद्या प्रांतात हजार माणसं गेली आणि जानेवारीत तेराशे, तर जादा तीनशे.

निष्कर्ष ठसठशीत होता. लसीकरणाआधी जपानचा हिवाळी जादा मृत्युदर अमेरिकेच्या तीन-चार पट होता. मुलांना लस देणं सुरू झाल्यावर तो अमेरिकेइतका खाली आला आणि कार्यक्रम बंद पडल्यावर पुन्हा चढला. अमेरिकेची रेषा या सगळ्या काळात जवळजवळ सपाट होती. वर्षाला ३७,००० ते ४९,००० मृत्यू टळले, म्हणजे दर ४२० मुलांमागे एक जीव, असा त्यांचा अंदाज होता.

हा आकडा जगभर गाजला. मला पहिल्यापासून तो पचायला जड वाटतो. सत्तरच्या दशकात जपानमध्ये वर्षाला एकूण सुमारे सात लाख मृत्यू होत. मुलांच्या लशीने त्यांतले पाच ते सात टक्के टाळले, असा याचा अर्थ होतो. फ्लू हे हिवाळी मृत्यूंचं एक कारण आहे, एकमेव नाही. थंडीत रक्तदाब वाढतो, पक्षाघात आणि हृदयविकार वाढतात, तेही नोव्हेंबरच्या पायावर जादा म्हणूनच मोजले जातात. साठच्या दशकात जपान पक्षाघाताच्या मृत्यूंत जगात पुढे होता आणि पुढच्या दोन-तीन दशकांत ते मृत्यू झपाट्याने घटले. रक्तदाबावर औषधं आली, आहारातलं मीठ कमी झालं, घरं उबदार झाली. म्हणजे लसीकरणाच्याच वर्षांत हिवाळा इतर कारणांनीही सौम्य होत गेला आणि त्याचं श्रेय नकळत लशीच्या खात्यावर जमा झालं.

बंद झाल्यानंतरच्या चढाचंही तसंच आहे. १९७० मध्ये जपानच्या लोकसंख्येत ६५ वर्षांवरचे ७ टक्के होते, १९९४ च्या सुमारास १४ टक्के. म्हातारी माणसं दुप्पट झाली तर हिवाळी मृत्यू वाढणारच. १९९५ मध्ये मृत्यूच्या दाखल्याचे नियमही बदलले आणि शेवटचं कारण म्हणून नुसतं हृदय बंद पडलं असं लिहू नये, असं डॉक्टरांना सांगण्यात आलं, त्यामुळे न्यूमोनियासकट इतर कारणांचे आकडे हलले. त्याच वर्षी जानेवारीत कोबेच्या भूकंपात सहा हजारांहून जास्त माणसं गेली. सर्व कारणांचे मृत्यू जानेवारीत मोजणाऱ्याला तो महिना बाजूला काढावा लागतो.

दुसरा हिशेब

२०११ मध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या निबंधाच्या लेखकांपैकी दोघं यातही होते, ही मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत चांगली गोष्ट वाटते. आपलाच गाजलेला आकडा पुन्हा कडक कसोटीला लावायला धैर्य लागतं. या वेळी फक्त ६५ वर्षांवरचे लोक घेतले. कार्यक्रम चालू असतानाची १९७८ ते १९९४ ही वर्षं आणि बंद झाल्यानंतरची १९९५ ते २००६ यांची तुलना केली. वयोरचना, आर्थिक स्थिती आणि त्या-त्या हिवाळ्यातला विषाणूचा उपप्रकार यांचा परिणाम वजा केला आणि ताळा म्हणून अमेरिकेचे आकडे घेतले.

उत्तर आलं: मुलांच्या लसीकरणामुळे जपानी वृद्धांचे फ्लूशी संबंधित मृत्यू ३६ टक्के कमी राहिले. माणसांत मोजले तर वर्षाला सुमारे १,०००, आणि अनिश्चितता धरून ४०० ते १,८००.

दोन्ही अभ्यासांचा काळ, वयोगट आणि मोजण्याची रीत वेगळी आहे, त्यामुळे एका आकड्याने दुसरा खोटा ठरतो असं म्हणता येत नाही. पण चाळीस हजार आणि एक हजार यांतलं अंतर बघितलं, की कार्यक्रमाचा परिणाम किती आणि मोजण्याच्या रीतीचा किती, हा प्रश्न टाळता येत नाही. माझा कल दुसऱ्या हिशेबाकडे आहे. आणि वर्षाला हजार माणसं, तीही ज्यांना सुई टोचलीच नाही अशी, हा फायदा लहान नाही.

त्याच अभ्यासात अमेरिकेबद्दल आलेली गोष्टही महत्त्वाची आहे. तिथे वृद्धांमध्ये लस घेणाऱ्यांचं प्रमाण वाढत गेलं, तरी त्यांचे फ्लूचे मृत्यू हलले नाहीत. २००५ च्या एका निबंधातही हेच दिसलं होतं: अमेरिकेत १९८० पूर्वी १५ टक्क्यांपेक्षा जास्त वृद्ध लस घेत नव्हते, २००१ मध्ये हे प्रमाण ६५ टक्क्यांवर गेलं आणि मृत्यूंची रेषा खाली आली नाही. त्याआधीचे अभ्यास मात्र लशीमुळे वृद्धांचे हिवाळी मृत्यू निम्म्याने घटतात असं सांगत होते. हिवाळ्यातल्या एकूण मृत्यूंत फ्लूचा वाटा दहा टक्क्यांहून कमी असताना निम्मे मृत्यू कसे टळतील? उत्तर असं की लस घ्यायला दवाखान्यापर्यंत जो चालत येतो तो मुळात धडधाकट असतो. अंथरुणाला खिळलेला येतच नाही. फ्लूचा हंगाम सुरू होण्याआधीच लस घेतलेल्यांचे मृत्यू कमी दिसतात, हे नंतरच्या एका अभ्यासाने दाखवलं, तेव्हा ही गोम उघड झाली.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे: कमी होतात, पण जाहिरातीत सांगतात तेवढे नाही, आणि फक्त वृद्धांना टोचून जेवढे होतील अशी आशा होती तेवढेही नाही. मुलांमार्फत मिळणाऱ्या आडवळणाच्या संरक्षणाला आता भक्कम आधार आहे. २००८-०९ च्या हंगामात कॅनडात हटराइट या वेगळ्या वसाहती करून राहणाऱ्या धार्मिक समाजाच्या ४९ वसाहतींत चिठ्ठ्या टाकून प्रयोग झाला. काही वसाहतींत मुलांना फ्लूची लस दिली, काहींत दुसऱ्याच आजाराची. फ्लूची लस मिळालेल्या वसाहतींत लस न घेतलेल्या माणसांनाही सुमारे ६१ टक्के संरक्षण मिळालं. अर्थात तिथे संसर्ग मोजले होते, मृत्यू नव्हेत. मृत्यूंसाठी ऑन्टारिओ प्रांताचं उदाहरण आहे. तिथे २००० पासून सहा महिन्यांवरच्या सगळ्यांना लस मोफत झाली. फ्लूशी संबंधित मृत्यू ७४ टक्के घटले, बाकी कॅनडात ५७ टक्के. घट दोन्हीकडे झाली, कार्यक्रमाचं श्रेय मधल्या फरकापुरतंच.

वेगळं काय करता आलं असतं

१९६२ मध्ये सगळ्या देशात एकदम सुरुवात करण्याऐवजी प्रांताप्रांताने, दोन-तीन वर्षांच्या अंतराने केली असती, तर तुलना आपोआप मिळाली असती. लस तेव्हा सगळ्यांना पुरण्याइतकी नव्हतीच, त्यामुळे कुणावर अन्याय झाला नसता. वृद्धांचे आठवडावार मृत्यू आणि त्या आठवड्यात प्रयोगशाळेत सापडलेला विषाणू, या दोन नोंदी पुरेशा होत्या.

१९७९ मध्ये झटके आलेल्या त्या मुलाची घटना घडली तेव्हा देशपातळीवर खुली चौकशी, पालकांना माहिती आणि भरपाईची जलद सोय झाली असती, तर गोष्टी वीस वर्षांच्या खटल्यांपर्यंत गेल्या नसत्या. नियम कागदावर होते. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फ्लूच्या लशीच्याच प्रकरणात सांगितलं होतं की टोचण्याआधी डॉक्टरने मुलाच्या प्रकृतीबद्दल नेमके प्रश्न विचारले पाहिजेत. शे-दीडशे मुलांची रांग लागलेली असताना ते प्रश्न विचारणार कोण?

आणि २००१ नंतरचा काळही डोळे मिटून यशाच्या खात्यावर टाकू नये. त्याच सुमारास ओसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध आलं आणि जपान त्याचा जगातला सर्वांत मोठा ग्राहक झाला. त्यानंतर मृत्यू घटले असतील तर लशीचा वाटा किती आणि गोळीचा किती, हे वेगळं करायची सोय याही वेळी आधी केलेली नव्हती.

महाराष्ट्रापुरतं

ऑगस्ट २००९ मध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला. विषाणू तपासणारी राष्ट्रीय संस्था पुण्यात आहे, लस बनवणारा मोठा कारखाना पुण्यात आहे आणि राज्याने पुढे गरोदर महिला व जोखमीच्या व्यक्तींसाठी मोफत लसही सुरू केली. म्हणजे आपण अमेरिकेची वाट धरली आहे. त्यात गरोदर महिलांना लस देणं मला पूर्णपणे योग्य वाटतं, कारण तिथे आईला थेट संरक्षण मिळतं आणि जन्मल्यावर पहिले काही महिने बाळालाही.

पण मृत्यू घटले का, हे आपल्याला जपानइतकंही सांगता येणार नाही. देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी साधारण पाचव्या हिश्श्याचंच कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं असतं. आपला फ्लूचा मोठा हंगाम पावसाळ्यात येतो, त्याच महिन्यांत डेंग्यू आणि लेप्टोचेही ताप असतात. त्यामुळे नोव्हेंबरसारखा पाया इथे धरता येत नाही, आणि लसही ऑक्टोबरऐवजी एप्रिल-मेमध्येच द्यावी लागते.

उद्या एखाद्या जिल्ह्याने शाळकरी मुलांना लस द्यायचं ठरवलं, तर सगळे तालुके एकदम घेऊ नयेत. निम्मे या वर्षी, निम्मे पुढच्या वर्षी घ्यावेत आणि कोणते आधी ते सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवावं. शाळेचा हजेरीपट आहेच. जून ते सप्टेंबर ग्रामपंचायतीच्या मृत्यूनोंदीतून साठीच्या पुढच्यांचे आठवडावार आकडे काढावेत. ग्रामीण रुग्णालयातल्या तापाच्या ठरावीक रुग्णांचे घशाचे नमुने दर आठवड्याला पुण्याला जावेत. पालकसभेत सरळ सांगावं, की ही सुई तुमच्या मुलासाठी आहे आणि घरातल्या म्हाताऱ्यांसाठीही, दंड दुखेल, ताप येऊ शकतो आणि काही बिघडलं तर या नंबरवर फोन करा. हे चारही खर्च लशीच्या अंदाजपत्रकातच, लस मागवण्याआधी, धरलेले असावेत.